'संवेदन' की 'संवेदना'? आणि आमच्याकडचं रान

ताई, कवितेवरच्या लेखात परसेप्शनला 'संवेदना' चालेल का असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते 'संवेदन' लिहा. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत वेदन आणि संवेदन अशी जोडीच आहे, म्हणजे कानावर नुसता आवाज पडला ते वेदन आणि हा तर एसटीचा हॉर्न असं कळलं की झालं संवेदन. 'संवेदना' आता बोलण्यात भावनेकडे गेलाय, हिंदीच्या नादानं दुखवट्याच्या मेसेजमधेही दिसतो, तिथं खरं तर आपला 'सहवेदना' किती छान आहे.

दुसरं तुम्ही म्हणता की संवेदन काय आणि अर्थ लावणं काय, एकच. तसं नाही. आमच्या वाळवा तालुक्यात रान म्हणजे शेत. आता एखाद्या कवितेत समजा 'आबा रानात गेल्यात, अजून आलं न्हाईत' असं आलं, तर मला लगेच उसाची सरी दिसते, रात्रीची लाईट आलीय म्हणून बॅटरी घेऊन पाणी पाजायला गेलेला माणूस दिसतो, आणि शहरात वाढलेल्याला झाडी, अंधार, जनावर असलं काहीतरी दिसतं आणि तो घाबरतो. शब्द तेच, पण दोघांनीही थांबून विचार वगैरे केलेला नाही, चित्र आधीच उभं राहिलंय.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला लावली, तर लिहिताना कनूची, म्हणजे वल्ह्यांच्या लांबट होडीची, साधी बोट झाली, सीलच्या शिकारीला गेलेले मासे धरायला गेले. 1932 च्या पुस्तकात त्यांनी हे मांडलंय. प्रयोग आठवणीचा होता, पण मला त्यात आमचं रानच दिसतं, माणूस अनोळखी गोष्ट आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो आणि त्याला ते कळतही नाही.

म्हणून 'वाचकाने रानाचा अर्थ जंगल असा लावला' हे तुमचं वाक्य बदला, त्याला जंगलच दिसलेलं असतं. आबा का आले नाहीत, कवीनं ते पुढं का सांगितलं नाही, हा विचार सुरू झाला की तिथून 'अन्वयार्थ' वापरा.