पोपट म्हातारा झाला की चावायला लागतो का?

प्रश्न: आमचा आफ्रिकन ग्रे ३० वर्षांचा आहे. आधी दिवसभर बडबड करायचा, आता दुपारभर झोपतो, वरच्या दांडीवर जात नाही आणि हात पुढे केला की चावतो. सगळे म्हणतात वय झालंय, चालायचंच. खरंच एवढंच आहे का?

उत्तर: वय झालंय हे बरोबर, पण चावणं म्हणजे वय नव्हे हो, बहुतेक वेळा त्याला काहीतरी दुखत असतं नाहीतर नीट दिसत नसतं. म्हाताऱ्या पोपटांना मोतीबिंदू होतो, सांधे धरतात, मग अचानक हात आला की दचकून चोच मारतात. घरीच बघा, आवाज न करता एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून आवडीचा दाणा धरा, एका बाजूचा कळलाच नाही तर त्या डोळ्यात गडबड असू शकते. तोवर आधी नाव घेऊन बोला, मगच समोरून हात न्या.

वरच्या दांडीवर न जाणं मला जास्त खटकतंय. पोपट उंच जागा उगाच सोडत नाही. पंजे खालून बघा, कातडी लाल, गुळगुळीत झाली असेल तर तळवे दुखत असणार. दांड्या खाली आणा, वेगवेगळ्या जाडीच्या लावा, तळाशी टॉवेल टाका म्हणजे पडला तरी लागणार नाही, फक्त टॉवेलचे दोरे सुटलेले नकोत, त्यात नखं अडकतात.

आणि प्लीज, ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, रोज सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. पक्षी आजार लपवतात, पिसं फुगवून बसेपर्यंत बरंच उशीर झालेला असतो, काटा मात्र आधी सांगतो. ४५० ग्रॅमचा पक्षी ४०५ वर आला म्हणजे १० टक्के गेले, मग घरगुती उपाय करत बसायचं नाही.

इतकी वर्षं नुसत्या बियांवर असेल तर लिव्हर आणि हृदय दोन्हीला धोका असतो, चोच भराभर वाढत असेल तर हे डॉक्टरांना नक्की सांगा. पेलेट्स (पक्ष्यांसाठी तयार मिळणारं गोळ्यांसारखं खाणं), गाजर, पालेभाज्या हळूहळू वाढवा, बिया एकदम बंद केल्यात तर उपाशी राहील.

पक्ष्यांच्या डॉक्टरकडून ब्लड टेस्ट आणि एक्स-रे करून घ्याच. सांधेदुखीवर औषध असतं, पण माणसांची पेनकिलर स्वतःहून देऊ नका. आणि स्वस्थ बसलेला असतानाही श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.