बारा हजारांचा वाद आणि 20 मे

डिचोलीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीचं लग्न 19 फेब्रुवारीला म्हार्दोळला देवळाच्या हॉलमध्ये झालं, संध्याकाळी रिसेप्शन म्हापशाला. फोटोग्राफर 8 तासांसाठी 70,000 रुपयांत ठरला होता. 55,000 देऊन झाले, उरलेले 15,000 अल्बम हातात आल्यावर. आता तो म्हणतो, सकाळी 7 ते रात्री 10 असे 15 तास झाले, जादा 7 तासांचे ताशी 3,000 प्रमाणे 21,000 टाका, मगच फोटो. ‘दुपारी अडीच ते साडेसहा तो नुसता बसून होता, त्याचेही पैसे आम्ही का द्यायचे? मुलगी जूनमध्ये दुबईहून येईल, तेव्हा समोरासमोर बसून मिटवावं म्हणतो. की पोलिसांत जाऊ?’

पोलिसांत जाऊ नका. आणि जूनची वाट तर मुळीच पाहू नका.

तासांचा हिशेब नंतर. तुम्ही कोटेशनच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत, ते बरं केलंत. मागच्या बाजूला अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की लग्नाच्या तारखेपासून 90 दिवसांनंतर मूळ डेटा सांभाळण्याची जबाबदारी स्टुडिओची नाही. त्याच्या खाली तुमची सही आहे. 90 वा दिवस 20 मे रोजी भरतो. तुमचं पत्र 29 एप्रिलचं.

फोटो अडवून ठेवायचे आणि मुदत संपली म्हणून पुसून टाकायचे, हे कलम ग्राहक आयोगापुढे टिकेल असं मला वाटत नाही. पण आयोग तुम्हाला पैसे देववील, कन्यादानाचे फोटो परत आणू शकणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अंतरिम आदेशाची सोय आहे हे खरं, पण तक्रार दाखल होऊन, सुनावणी लागून, तो आदेश 20 मेच्या आत हातात पडेल या भरवशावर मी माझ्या घरचे फोटो ठेवले नसते. साध्या तक्रारीचा निकाल नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं हाच कायदा म्हणतो. आयोगाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही विचारा, तो हसेल.

तेव्हा आजच व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे, असं लिहा: ‘आमच्या हिशेबाने जादा 3 तासांचे 9,000 आणि बाकी 15,000 असे 24,000 द्यायला तयार आहोत. दुपारच्या 4 तासांच्या उरलेल्या 12,000 बद्दल आमची हरकत आहे. वाद मिटेपर्यंत मूळ डेटा पुसू नये.’ चार दिवसांत होकार आला नाही तर तेही 12,000 ‘हरकत राखून देत आहे’ असं लिहून बँकेतून पाठवा. रोख नको. मात्र पैसे सोडण्याआधी त्याच्या दुकानात बसून फोल्डर उघडून बघा, रिसेप्शनचं फोल्डर आधी. फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. अल्बमचं डिझाइन खुशाल जूनमध्ये करा. आणि पावतीवर ‘सर्व हिशेब पूर्ण, तक्रार नाही’ अशी ओळ असेल तर सही करू नका. मागची बाजू न वाचता एकदा सही केलीत, तेवढं पुरे.

आता ते 3 तास कुठून आले? दुपारचे 4 तास वगळले तरी त्याने 11 तास काम केलं. 8 तास तुमचे, 3 त्याचे, आणि ताशी 3,000 हा दर कोटेशनवर छापलेला आहे. तेवढे तुम्ही देणं लागता. खरा वाद दुपारच्या 4 तासांचा. वेळ कधीपासून कधीपर्यंत मोजायची, मधली विश्रांती धरायची की नाही, याबद्दल कोटेशन गप्प आहे. कागद त्याने तयार केलेला, त्यामुळे संदिग्धतेचा फायदा तुम्हाला मिळण्याची शक्यता अधिक. पण तो असंही म्हणेल, की म्हार्दोळहून बाणस्तारी, पणजी करत पर्वरीच्या ट्रॅफिकमधून म्हापशाला पोचायला तास-दीड तास गेला आणि तो तुमच्याच कामासाठी गेला. त्यात तथ्य आहे. मधे कुठेतरी तडजोड झाली तर घ्या.

‘काका, टेन्शन घेऊ नका, सगळं कव्हर करतो’ असं तो बुकिंगच्या वेळी फोनवर म्हणाला होता, यावर तुमची बरीच भिस्त दिसते. सही केलेल्या कागदावर 8 तास लिहिलेले असताना त्याच्या विरोधातलं तोंडी आश्वासन पुराव्यात सहसा चालत नाही. तेच वाक्य सहीनंतरच्या तारखेला व्हॉट्सॲपवर किंवा व्हॉइस नोटमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. चॅट शोधा, आणि तोवर फोन बदलू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. कोटेशनमध्ये उलट काही दिसत नाही. पत्रात याचा उल्लेख करा, दबाव येतो. फक्त हार्ड डिस्क त्याच्या कपाटात आहे हे विसरू नका.

ज्यांच्या घरी पुढच्या मोसमात लग्न आहे त्यांच्यासाठी: सकाळचा मुहूर्त आणि संध्याकाळचं रिसेप्शन असं हिंदू लग्न 8 तासांत बसत नाही. पुण्याहवाचनापासून धरलं तर दुपारच्या पंगतीपर्यंतच 7 तास जातात. चर्चमध्ये दुपारी 4 ला न्युप्शल्स, म्हणजे लग्नविधी, आणि लगेच रिसेप्शन असेल तर 8 तास पुरतात, कारण मधे खंड नसतो. उघड्यावरचं संगीत तर 10 ला बंदच करावं लागतं. आपल्याकडे किमान 12 तास धरा. त्याहून चांगलं म्हणजे तास विकतच घेऊ नका, विधी विकत घ्या: चुडा, सीमांतपूजन, मुहूर्त, होम, गृहप्रवेश, रिसेप्शन, अशी नावं कोटेशनवर लिहून घ्या आणि मुहूर्त लांबला तर काय, तेही.

तुमच्यापुरतं: हरकत राखून दिलेले 12,000 परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते, आणि सेवेचा मोबदला 5 लाखांपर्यंत असल्याने फी लागत नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधीकधी तेवढ्यानेही मिटतं. हे सगळं सावकाश करा. फाइली मात्र या आठवड्यात आणा.