टेप ठेव, ओळ मोज

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेले निळ्या-मोतिया पट्ट्यांच्या स्वेटरचे दोन्ही भाग मी रात्री दिव्याखाली पसरून मोजले. खालची बॉर्डर सोडून मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही बसते त्या काखेच्या गोलाईपर्यंत, मागचा भाग १०८ ओळींचा आहे आणि पुढचा १०४ ओळींचा. टेपने मात्र दोन्ही ३६ सेंटिमीटर भरले असे तू सांगितलेस, आणि तुझा सगळा घोटाळा तिथेच झालेला आहे. बाजूची शिवण घालायला बसलीस तेव्हा खालचे पट्टे नीट भिडले, पुढे निळ्याच्या शेजारी मोतिया रंग सरकू लागला आणि मुंढ्याशी पोचेपर्यंत एकही पट्टा दुसऱ्याच्या रेषेत उरला नाही. इथवर माझी तक्रार नाही. पण त्यावरून तू जो निष्कर्ष काढलास, की विणलेल्या कपड्याचा काही भरवसा नाही, म्हणून शिवणाचा कोर्स संपेपर्यंत सुया बाजूला ठेवून फक्त कापड कापायला शिकावे, तो मला मुळीच मान्य नाही.

आधी चूक कुठे आहे ते सांगते. तुझा प्रत्येक पट्टा सहा ओळींचा ठरलेला आहे. पुढच्या भागात खालून सातवा आणि तेरावा हे दोन पट्टे चारच ओळींचे झाले आहेत. तीन किंवा पाच ओळींचे न होता नेमके चारच ओळींचे का झाले, याचा विचार कर. तू दोन्ही रंगांचे धागे उजव्या कडेने वर नेतेस, त्यामुळे रंग बदलायला तुला त्याच कडेला परत यावे लागते आणि ओळी समच पडतात. म्हणजे विणकामाने तुझी चूकसुद्धा हिशेबातच ठेवली. तू ती मोजली नाहीस एवढेच. सुईचे टोक एकेका टाक्यावर ठेवत खालून वर गेलीस तर पाच मिनिटांत सापडेल.

टेप फसवते याचे कारण तुझ्या हातात नाही, कापडाच्या जातीत आहे. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते फारसे हलत नाही. विणकामात एकच धागा फासात फास अडकवत जातो, आणि प्रत्येक फास ओढला की उभा होतो, सोडला की आडवा पसरतो. मागचा भाग तू पलंगावर सपाट ठेवून मोजलास. पुढचा भाग मोजताना तो सुईवरून लोंबत होता आणि दीड सेंटिमीटरभर ताणला गेला. टेपेने दोन्ही वेळा तिला दिसले ते प्रामाणिकपणे सांगितले. पण १०४ ओळी ओढून १०८ होत नाहीत. साधा एकरंगी स्वेटर असता तर चार ओळी शिवणीत जिरवता आल्या असत्या आणि कुणालाही कळले नसते. पट्ट्यांचा स्वेटर ती सवलत देत नाही, आणि म्हणूनच कपड्याची बांधणी शिकणाऱ्या मुलीने पहिला स्वेटर पट्ट्यांचाच विणावा असे माझे ठाम मत आहे. तू तो निवडलास तेव्हा मला आनंद झाला होता.

तुझ्या क्लासमध्ये कापड कापताना बाजूच्या कडेवर, मुंढ्यावर आणि बाहीच्या गोलाईवर खुणेच्या खाचा मारायला शिकवतात. शिवताना खाच खाचेला भिडली की भाग आपोआप जागेवर बसतो. विणकामात प्रत्येक ओळ ही खाच आहे. तुला कात्रीची गरजसुद्धा नाही. बाजूची शिवण घालताना एका भागाच्या कडेच्या टाक्याआतल्या दोन आडव्या दांड्या, म्हणजे टाक्यांमधले आडवे धागे, उचलायच्या, मग समोरच्या भागाच्या दोन उचलायच्या, आणि धागा ओढला की शिवण नाहीशी होते. दोन्हीकडच्या ओळी सारख्या असतील तर यात जुळवाजुळव करावी लागतच नाही. तुमच्या बाई कन्नडमध्ये शिकवतात आणि तू वही मराठीत लिहितेस, त्यामुळे शब्द अडतात असे तू म्हणालीस. ओळींच्या हिशेबाला ती अडचण नाही. १०८ हे दोन्हीकडे १०८च.

माझे माहेर बेळगावातल्या वडगावचे, हे तुला ठाऊक आहे. घरात माग होता. साडी मागावर असताना वडील कापडावर भिंग ठेवून एका इंचातले धागे मोजत. किती हात झाले हे ते नंतर पाहत, आधी धागे. ती सवय माझ्या हातात उतरली. मी लग्नानंतर शहापुरात आले, तेव्हा बाजारातल्या एका दुकानासाठी स्वेटर विणून देत असे. दुकानदाराला माझे हात आवडत, माझा वेग आवडत नसे. "टेपने जुळतंय ना, मग झालं की," असे तो म्हणे. मी दोन्ही भाग ओळीला ओळ लावल्याशिवाय शिवणीला घेत नसे, आणि काही काळाने ते काम दुसरीकडे गेले. घरात तेव्हा पैशांची गरज होती आणि मला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. तरीही सांगते, त्या माणसाचे म्हणणे चूक होते. ओळी मोजण्यात वेळ जात नाही. शिवण उसवण्यात जातो. मी हट्टी आहे असे लोक अजूनही म्हणतात. म्हणोत.

खंत आहे ती वेगळ्या गोष्टीची. मुंढा कागदावर कसा आखतात, तो किती खोल असावा, बाहीच्या गोलाईची लांबी मुंढ्याच्या काठाशी कशी मिळवतात, हे मला कोणी शिकवले नाही. शिवणाच्या वर्गाला जायची माझी फार इच्छा होती, पण ती परवानगी मिळाली नाही. जुने स्वेटर उसवता उसवता, कुठल्या ओळीला किती टाके कमी झाले हे टिपत टिपत मी ते शिकले, आणि त्यात उमेदीची वर्षे गेली. तुला तेच ज्ञान खडूने फळ्यावर आखून मिळते आहे. एका हातात क्लासचा आराखडा आणि दुसऱ्या हातात सुया, असे भाग्य मला लाभले नाही. म्हणून तू सुया खाली ठेवते म्हणालीस तेव्हा माझा आवाज चढला. त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस, पण मी जे बोलले ते मागेही घेत नाही.

आता बाहीकडे ये. नमुन्याच्या तुकड्यात तुझे १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी बसतात, म्हणजे सेंटिमीटरला तीन ओळी आणि एक पट्टा दोन सेंटिमीटरचा. अंगाचे मुंढ्यापर्यंत अठरा पट्टे होतात. निळ्याने सुरुवात केलीस म्हणून अठरावा मोतिया येतो. बाही मनगटाच्या बॉर्डरनंतर ४२ सेंटिमीटर हवी, म्हणजे १२६ ओळी, म्हणजे एकवीस पट्टे. काखेत बाहीचा शेवटचा पट्टाही मोतियाच यायला हवा, आणि एकवीस ही विषम संख्या आहे, तेव्हा बाहीची सुरुवात निळ्याने न करता मोतियाने करावी लागेल. बहुतेक जणी अंग निळ्याने सुरू केले म्हणून बाहीही निळ्याने सुरू करतात आणि काखेत निळ्यासमोर मोतिया येतो. पट्टे नेहमी काखेपासून खाली मोजत यावेत. ४८ टाक्यांवरून ८० वर जायचे आहे, म्हणजे दोन्ही कडांना एकेक टाका सोळा वेळा वाढवायचा: पहिल्यांदा चौथ्या ओळीला आणि नंतर दर आठव्या ओळीला. शेवटची वाढ १२४ व्या ओळीला येईल आणि दोन ओळी सरळ उरतील. दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, एकदम विण. मग एकीची ओळ चुकली तर दुसरीचीही चुकेल आणि निदान जोडी तरी सारखी राहील.

काखेच्या वर मात्र सगळे पट्टे जुळवण्याचा हट्ट धरू नकोस. बसवलेल्या बाहीची गोलाई मुंढ्याच्या खोलीपेक्षा कमी उंच असते, त्यामुळे सुरुवातीच्या थोड्या ओळींनंतर पट्टे आपापल्या वाटेने जातात. त्यात चूक काही नाही. ते खांद्यापर्यंत जुळलेले हवे असतील तर रॅगलान, म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंत तिरक्या शिवणीची, बाही घ्यावी लागते, कारण तिथे अंग आणि बाही काखेपासून गळ्यापर्यंत सारख्याच ओळींनी वर जातात. ती पुढच्या स्वेटरला घे. क्लासमध्ये मुंढा शिकते आहेस, तर हा स्वेटर मुंढ्याचाच पुरा कर.

हूडबद्दल, म्हणजे स्वेटरलाच जोडलेल्या टोपीबद्दल, तू विचारलेस की मागच्या गळ्याचे टाके सुईवर तसेच ठेवून पुढे विणत गेले तर चालेल का. चालणार नाही. हूडचे सगळे वजन मागच्या गळ्यावर येते, आणि उघड्या टाक्यांवरून वर विणलेला गळा थोड्या दिवसांत पाठीकडे ओघळतो. टाके बंद कर आणि त्या बंद काठावरून नवे उचल. तो काठ आधार देतो. वर आतल्या बाजूने एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सुती फीत हातशिलाईने लाव. विकतचा टी-शर्ट उलटा करून पाहा, मानेमागे बहुधा तशीच पट्टी सापडेल. मागच्या गळ्यावर एका टाक्यामागे एक टाका उचलावा आणि पुढच्या गळ्याच्या उभ्या कडेवर चार ओळींमागे तीन. हे तीन-चार मनाने ठरवलेले नाहीत. २२ आणि ३० चे प्रमाण साधारण तेवढेच येते. ओळी मोजल्या नाहीत तर हा आकडा कुठून आणशील?

हूडची उंची ठरवायला गळ्याच्या एका बाजूपासून डोक्यावरून दुसऱ्या बाजूपर्यंत माप घे, त्याचे निम्मे कर आणि दोन-तीन सेंटिमीटर सैल धर. तुझे ३३ सेंटिमीटर येते, म्हणजे ९९ ओळी. पण तू ९८ विण: निळ्यापासून सुरू करून सोळा पूर्ण पट्टे, आणि त्यावर निळ्या दोन ओळी. मग हूड मधोमध दुमडून निळ्याच धाग्याने सुईदोऱ्याने टाक्याला टाका जोड. ही जोडणी स्वतः एक ओळ होते. दोन, एक आणि दोन मिळून माथ्यावर पाच ओळींचा पट्टा बसेल आणि तो मुद्दाम केल्यासारखा दिसेल. शेवटच्या सोळा ओळींत मागच्या मध्यावर दर दुसऱ्या ओळीला दोन टाके कमी कर, नाहीतर डोक्यामागे टोक निघते.

तू असेही म्हणालीस की तमिळनाडूतल्या तिरुपूरचे हूडी दुकानात स्वस्त मिळतात, मग हाताने कशाला विणायचे. तो कपडा विणलेल्या तागांतून कापून ओव्हरलॉकवर, म्हणजे कडा कापत कापत शिवणाऱ्या यंत्रावर, शिवलेला असतो. तुझ्या क्लासमध्ये तो शिकशीलच आणि तोही मन लावून शिक. पण यंत्राचे नाव काढून ओळींतून सुटका नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ मध्ये बनवले, तेव्हापासून यंत्रे विणत आली आहेत, आणि आजच्या घरगुती विणकाम यंत्रावरही ओळी मोजणारा आकडा बसवलेला असतो. टेप बसवलेली नसते.

पुढचा भाग सातव्या पट्ट्यापर्यंत उसव. मधली एक ओळ कापून तिथे दोन ओळी भरता येतात, हे तुला कुठेतरी कळलेले दिसते. मला ती युक्ती येते, पण मी तुला ती आता शिकवणार नाही. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून ओली करून वाळव, म्हणजे नागमोडीपणा जाईल. खानापुरात या पावसात ती दोन दिवसांत वाळणार नाही, तर घाई करू नकोस. तुझ्या लोकरीत अ‍ॅक्रिलिक आहे, तेव्हा भाग पसरवून बसवताना वाफेची इस्त्री त्यावर टेकवू नकोस. कापड कायमचे लुळे पडते. आणि निळा रंग कमी पडेल असे मला वाटते, म्हणून वेष्टणावरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, पाहून त्याच लॉटचा एक गुंडा आताच घेऊन ठेव.

वहीत प्रत्येक पट्ट्याला एक घर आखून प्रत्येक ओळीला रेघ मार. सहा रेघा झाल्याशिवाय रंग बदलायचा नाही. पुढच्या वेळी येशील तेव्हा मी आधी वही पाहीन, मग स्वेटर.

कळावे, लोभ आहेच.

तुझी,
शहापूरची काकू