गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, मग स्पार्क प्लगला ठिणगी पाडण्याएवढं व्होल्टेज येतं कुठून?

इग्निशन कॉइलमधून येतं, आणि गंमत म्हणजे करंट चालू असताना नाही तर तो तोडला की येतं. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वाइंडिंग असतात, एक जाड तारेचं कमी वेढ्यांचं आणि दुसरं बारीक तारेचं, त्याच्या साधारण १०० पट वेढ्यांचं. पहिल्यातून बॅटरीचा करंट जातो तेव्हा चुंबकीय क्षेत्र तयार होतं, मग तो करंट झटक्यात तोडला की क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वाइंडिंगमध्ये २०-३० हजार व्होल्टपर्यंत उसळी येते, प्लगची जेमतेम १ मिमीची गॅप ओलांडायला तेवढं पुरतं. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत हे तोडायचं काम पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे छोटे संपर्क, करायचे (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर गेला की पॉइंट जळालेच समजा) आणि कुठल्या सिलिंडरला ठिणगी द्यायची ते डिस्ट्रिब्युटर बघायचा, आता क्रँकशाफ्ट कुठे आहे ते सांगणारा क्रँक सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच सगळं ठरवतो आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. गॅरेजमध्ये रोज हेच बघतो म्हणून सांगतोय. फक्त हे पेट्रोल-सीएनजीचं झालं, डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतोच, तिथे दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं.