इनसाइटफुल म्हणजे नुसतं हुशार नव्हे

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतली एक मुलगी ऐरोलीला कंपनीत कामाला आहे. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, साहेबांनी लिहिलंय की माझे प्रश्न 'इनसाइटफुल' असतात. आजीने अर्थ विचारला, मी 'हुशारीचे' म्हणून सांगितलं. पण ते काही पटेना. मराठीत काय म्हणायचं?"

तिला पटलं नाही ते बरोबरच. 'इन' म्हणजे आत आणि 'साइट' म्हणजे दृष्टी. वरवर दिसतं त्याच्या आत ज्याची नजर पोचते, तो इनसाइटफुल. हुशारी, पाठांतर, बहुश्रुतपणा या वेगळ्या गोष्टी.

बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, अंतर ३४ किलोमीटर, हे सांगणारा माणूस माहीतगार. पण गाडीत शेजारी बसलेला कुणी म्हणाला, "नवी मुंबई वसवताना सिडकोने सेक्टरला आकडे दिले, पण स्टेशनच्या पाट्या वाचा. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. शहर नवं आखलं, पण हाक मारायला जुनी गावंच लागली," तर ते बोलणं इनसाइटफुल. पाट्या आपणही रोज वाचतो. त्यांतलं हे आपल्याला दिसलेलं नसतं. म्हणूनच नुसत्या आकडेवारीला हे विशेषण लावलेलं मला खटकतं. ते माणसाला लावावं, प्रश्नाला, निरीक्षणाला, लेखाला लावावं.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द 'मर्मग्राही'. मर्म म्हणजे शरीरातली नाजूक, प्राणाशी निगडित जागा. सुश्रुतसंहितेत अशी १०७ मर्मं सांगितली आहेत. त्यावरून गोष्टीचा गाभा, तोही मर्मच. 'मार्मिक'ही चालेल, पण जपून. मराठीत त्याला चिमटा काढणाऱ्या बोलण्याची छटा आली आहे, आणि हिंदीत 'मार्मिक' कहाणी म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारी. 'सखोल' अभ्यासाला शोभतो. मर्मग्राही प्रश्न चार शब्दांचाही असू शकतो. 'अंतर्दृष्टीपूर्ण' मात्र नको. तो भाषांतराच्या टेबलावर घडलेला शब्द आहे, घरात कुणाच्या तोंडी येत नाही.

उच्चाराचंही सांगतो, कारण देवनागरीत घोटाळा होतो. 'इनसाइट' म्हणताना जोर 'इन'वर द्यायचा. जोर 'साइट'वर गेला की ऐकणाऱ्याला चिथावणी देणे या अर्थाचं 'incite' हे दुसरंच इंग्रजी क्रियापद ऐकू येतं.

आणि आजीला सांगताना विशेषण शोधायचीही गरज नाही. मराठी अशा वेळी क्रियापदाकडे वळते: नेमकं हेरणं, गाभ्याला हात घालणं, मर्म ओळखणं. फक्त 'वर्मावर बोट ठेवते' असं म्हणू नकोस, त्यात समोरच्याला दुखावणं येतं. "आजी, साहेब म्हणतात मी नेमकं मुद्द्यालाच हात घालते," एवढं सांग, तिला लगेच कळेल.