प्रागमध्ये असूनही करमत नाही, तेव्हा

"इतक्या सुंदर शहरात आहे, तरी मला करमत नाही. माझंच काही चुकतंय का?" एका सेमिस्टरसाठी युरोपात गेलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी दर हिवाळ्यात ऐकते. त्याचं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. तपशील अर्थातच बदलले आहेत.

ती पुण्याहून प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात गेली होती. १३४८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ, तिथे निवड झाल्याचं घरात मोठं कौतुक होतं. ऑक्टोबर छान गेला. चार्ल्स पूल, किल्ला, शनिवार-रविवारी व्हिएन्ना नाहीतर ड्रेस्डेन. नोव्हेंबरच्या मध्याला मात्र ती कॉलवर बोलता बोलता रडायला लागली.

"मॅडम, बाबांनी एवढा खर्च केलाय. मी आनंदात असायलाच हवं."

"खर्च शिकण्यासाठी केला ना? आनंदात राहायची अट त्यांनी घातली होती?"

"नाही."

"मग कोणी घातली?"

ती बराच वेळ गप्प राहिली. उदास वाटणं हे एक दुखणं. उदास असल्याची लाज हे दुसरं, आणि पहिल्यापेक्षा जड. लाज आपल्याच अटीतून येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

पण उदासी नोव्हेंबरातच का वाढली? मी तिला एका दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहायला सांगितला. त्यात उत्तर सापडलं. आई रोज रात्री नऊला, जेवणं आटोपल्यावर फोन करायची. ऑक्टोबरात तेव्हा प्रागमध्ये साडेपाच वाजायचे. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, भारताशी फरक साडेतीनवरून साडेचार तासांचा होतो. म्हणजे आईचे नऊ आता तिचे साडेचार झाले.

"साडेचारला वर्गातली मुलं काय करतात?"

"तास संपतो. कॉफीला जातात... आणि मी फोन घ्यायला होस्टेलवर पळते." मग स्वतःच म्हणाली, "मला कोणी विचारत नाही असं मी तुम्हाला सांगत होते. मी तिथे नसतेच!"

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. मी सांगून जे पटलं नसतं, ते तिच्याच वहीतल्या ओळीने दाखवलं. त्यात डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो; तासभराच्या फोननंतर बाहेर अंधार, मग कोण खोली सोडतो?

फोन सकाळी आठला हलवला. भारतात साडेबारा, आईची जेवणाची सुट्टी. पंधरा मिनिटं पुरे. निवांत गप्पा रविवारी.

दुसरा बदल अवघड होता. ती पर्यटकासारखी जगत होती, दर आठवड्याला नवं शहर आणि नवे चेहरे. करमायला उलटं लागतं: तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, ठरावीक दिवशी वर्गातल्यांबरोबर जेवण. झेक भाषेचा तास. आठवड्यातून एकदा खेळाचा वर्ग; याची नोंदणी ऑनलाइन असते आणि जागा लवकर भरतात, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच करावी. महिन्यातून एकच प्रवास. झेक माणसं अनोळखी चेहऱ्याकडे बघून सहसा हसत नाहीत, तो राग नसतो. दुकानात शिरताना 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हणावं, उत्तर हमखास येतं. मन लागल्यावर जाईन असं म्हणू नये. आधी जायचं, मन मागून येतं. पहिले दोन-तीन आठवडे कंटाळवाणे जातात आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. तिला चौथ्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, "मागच्या वेळी आली नव्हतीस?"

पालकांसाठी एक गोष्ट. परतीचं तिकीट जानेवारीच्या मध्याचं काढू नका. हिवाळी सत्राच्या परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, बऱ्याच तोंडी असतात, आणि नापास झाल्यास सहसा आणखी दोन संधी मिळतात. तिकीट आधीचं असलं की त्या हातच्या जातात आणि मूल उगाच धास्तावतं.

दोन आठवड्यांहून अधिक झोप उडाली, वर्ग बुडू लागले, जेवण तुटलं तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावं. जगणं नकोसं वाटलं तर वाट पाहू नये. ११२ हा आपत्कालीन क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो.