सूप आधी, जेवण मागून

प्रिय लेकीस,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. मैत्रिणीच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या अमेरिकन सणाला जेवलीस, निघताना तिच्या आईनं टर्की पक्ष्याचा उरलेला सांगाडा पिशवीत घालून दिला आणि सांगितलं, सूप कर. त्यावरून तुझा प्रश्न : "आपल्यात उरलेल्या कोंबडीचं सूप का नाही करत? आजी हाडं टाकून द्यायची का?"

हे आजीला विचारलं असतंस तर तिनं आधी तुझ्या आईचाच उद्धार केला असता. हाडं टाकायची वेळ येते तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसतं गं. आपल्याकडे सूप सगळ्यात आधी निघतं. उरण्याची वाट कोण बघतंय!

साताऱ्याच्या कोरेगावकडच्या आपल्या घरी यात्रेच्या पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कोंबडी साफ करून, जाळावर भाजून, हळद चोळून ठेवायचे. तुकडे हाडासकट. पातेल्यात तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ, त्यावर कोंबडी. वर झाकण म्हणून खोलगट ताट आणि त्या ताटात पाणी. खाली कोंबडी स्वतःच्याच पाण्यात शिजते, वरचं पाणी तापत राहतं, आणि तळ लागायला लागला की तेच कढत पाणी आत ओतायचं. गार पाणी ओतलं तर मटण दांडरतं, म्हणजे चिवट राहतं, असं आजीचं म्हणणं. ताट उचलताना ती पदर दोन्ही हातांत धरायची आणि तोंड बाजूला करायची, वाफ अशी उसळायची. गावरान कोंबडी म्हणजे तासभर तरी निवांत शिजणार.

शिजली की मसाला पडायच्या आत पिवळंधमक पाणी वाट्यांमध्ये काढायचं. हे अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं पाणी. पहिल्या वाट्या आम्हा पोरांच्या, मग घरात कुणी बाळंतीण असेल, आजारी असेल, दात नसलेलं म्हातारं माणूस असेल त्यांच्या. वर जरा मिरपूड, लिंबाचे दोन थेंब. मग उरलेल्या पातेल्यात भाजलेल्या खोबऱ्याचं, कांद्याचं, तिळाचं वाटण आणि घरची चटणी, म्हणजे लाल तिखट मसाला, पडायची, आणि त्याचा रस्सा व्हायचा. म्हणजे सूप झालं, जेवणही झालं, एकाच पातेल्यात.

तुझ्या मैत्रिणीच्या आईचं गणित उलटं आहे, आणि तेही बरोबरच आहे. टर्की भट्टीत कोरड्या आचेवर भाजतात. हाडाला आणि सांध्यांना जो चिकटपणा असतो तो पाण्यात तास-दोन तास उकळल्याशिवाय सुटत नाही. भट्टीत तो आतच राहतो. त्यामुळे जेवण झाल्यावरही सांगाड्यात अर्धी चव शिल्लक असते. शिवाय तो पक्षी सहा-सात किलोचा, आपली गावरान दीड किलोची असली तरी मोठी. तिला खाणारी पंधरा माणसं. आयत्या वेळी दोन पाहुणे आले की तांब्याभर पाणी वाढवायचं, चटणीचा हात सैल सोडायचा. मटणाचा वाटा एकेक तुकड्याचा असेना का, रस्सा सगळ्यांना पुरायचा. उरलाच तर थोडा रस्सा. फ्रीज नव्हता, म्हणून रात्री एकदा खळखळून उकळायचा, सकाळी पुन्हा. शिळ्या भाकरीवर तो सकाळचा रस्सा कुस्करून खायला आम्ही भावंडं भांडायचो. आदल्या दिवशीपेक्षा चांगलाच लागतो, चटणी मुरलेली असते.

आता वाराचं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, १९४१ च्या कायद्यानं ते तसं पक्कं झालं. यंदा तो दिवस २७ नोव्हेंबर २०२५, आणि तोच नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आजीकडे त्या दिवशी पाटावर महालक्ष्मीचा कलश मांडलेला असणार आणि तू इकडे टर्की खात होतीस! खाल्लीस ते खाल्लीस. पाहुणचाराला नाही म्हणू नये, हेही आपल्याकडचंच. माझ्या इथल्या घरी मात्र टर्की शुक्रवारीच होते, शेजारी हसतात तरी. शनिवार मारुतीचा, सोमवार महादेवाचा. तेव्हा तू सूप रविवारी कर. गुरुवारी रात्री फ्रीजमध्ये गेलेला सांगाडा तीन-चार दिवस चालतो, सोमवारी त्याचेही दिवस भरलेत असं समज. फक्त जेवणानंतर तो दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला होता ना, ते मैत्रिणीला विचार. रात्रभर टेबलावर राहिला असेल तर सरळ फेकून दे, उकळून तो सुधारत नाही.

सांगाड्याच्या पोटात पावाचं सारण राहिलं असेल तर ते आधी सगळं काढ, नाहीतर पाणी खळीसारखं होतं. हाडांना चिकटलेलं मांस हातानं सोडवून वेगळ्या डब्यात ठेव, ते आधीच शिजलेलं आहे. पुन्हा तासभर उकळलंस तर चोथा. सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घाल, बुडेल एवढं पाणी, एक कांदा, लसणीचा अख्खा गड्डा, आल्याचा तुकडा, हळद. हळद मी दिलेल्या पुडीतली घाल, सांगलीची आहे. मीठ अजिबात घालू नकोस. पुष्कळ लोक टर्की आधी मिठाच्या पाण्यात भिजवतात, ते मीठ हाडातून उतरतं. मंद आचेवर दोन तास ठेव आणि मग गाळ. गाळायचा कंटाळा करू नकोस, पक्ष्याची बारीक हाडं घशात बसतात. हे तुझं अळणी झालं. आता चाखून मीठ.

जेवणासारखं भरीव हवं असेल तर त्यात वाघ्या घेवडा घाल. कोरेगावचा हा घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. गेल्या वेळी आजीनं दिलेली पिशवी तुझ्याकडे असेल. नसेल तर दुकानातला राजमा घे. रात्रभर भिजव, ते पाणी टाक आणि नव्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण मऊ शिजव. कमी आचेच्या स्लो कुकरमध्ये टाकून कॉलेजला जाऊ नकोस, अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो. सोबत गाजर, बटाटा, मूठभर तांदूळ, काय असेल ते.

मग कढल्यात तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. लसूण लाल झाला की गॅस बंद करून एक चमचा चटणी घाल. गॅस चालू ठेवलास तर ती करपते आणि घरभर ठसका उठतो, तुमच्या अपार्टमेंटचा अलार्मही. ही फोडणी सुपावर ओत, सोडवलेलं मांस घाल आणि एक चांगली उकळी येऊ दे. कोथिंबीर हवीच. टर्कीला भाजताना सेज आणि रोजमेरीचा पाला लावतात, त्यांचं आणि खोबऱ्याच्या वाटणाचं काही जमत नाही. म्हणून वाटण घालू नकोस, नुसती फोडणी पुरे.

रूममेटसाठी फोडणीच्या आधी दोन वाट्या बाजूला काढ. तिला तिखट सोसत नाही आणि अळणी तिला नक्की आवडेल. उरलेलं छोट्या डब्यांत करून फ्रीजरमध्ये टाक, परीक्षेच्या आठवड्यात कामी येईल. आणि रविवारपर्यंत धीर निघाला नाही, शनिवारीच केलंस, तर आजीला फोनवर वार सांगत बसू नकोस.

तुझी,
आई